कोरियन टीव्ही अभिनेत्रीवर लिहायचंय? आधी तक्ता करा

कोरियन मालिकांतल्या अभिनेत्रीवर मराठीत लिहिताना बहुतेक लेख मालिकेचं नाव, भूमिकेचं नाव आणि "प्रचंड गाजली" एवढ्यावर थांबतात. मालिका कोणत्या वाहिनीवर होती, कोणत्या वारी लागायची, कोणत्या साली आली, हे सुटतं. आणि कोरियन टीव्हीत कामाचं वजन ठरतं ते यावरूनच. एखादी भूमिका १९९५ साली एसबीएसवर केलेली असेल तर तिचा अर्थ एक, २०२२ साली ईएनएसारख्या छोट्या वाहिनीवर केलेली असेल तर वेगळा. म्हणून लेखाचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी वही उघडा किंवा स्प्रेडशीट, आणि तक्ता भरायला घ्या.

एका मालिकेला एक ओळ. रकाने असे: पहिला भाग कधी दाखवला आणि शेवटचा कधी, वाहिनी, प्रसारणाचे वार, भागांची संख्या आणि एका भागाची लांबी, भूमिका आणि श्रेयनामावलीतलं स्थान, लेखक, प्रेक्षकसंख्येचा आकडा, तो मोजणाऱ्या संस्थेच्या नावासह, मिळालेला पुरस्कार. लेखकाचा रकाना टाळू नका. कोरियात मालिका ओळखली जाते ती दिग्दर्शकाइतकीच, कित्येकदा त्याहून जास्त, लेखकाच्या नावाने, आणि अभिनेत्रीने कोणत्या लेखकाबरोबर पुन्हा पुन्हा काम केलं यावरून तिच्या कारकिर्दीची दिशा कळते. ओळी जुन्याकडून नव्याकडे लावा. माहिती मिळाली नाही तर रकाना रिकामा राहू द्या, अंदाजाने भरू नका.

नाव आणि वय

कोरियन नावात आडनाव आधी येतं. अभिनेत्री युन यो-जंग यांचं आडनाव युन. ऑस्करच्या नोंदीत मात्र त्यांचं नाव पाश्चात्त्य पद्धतीने उलटं लिहिलेलं आहे. अशाने एकाच व्यक्तीच्या दोन ओळी तयार होतात, तेव्हा तक्त्यात एकच क्रम ठेवा. लग्नानंतर कोरियन स्त्रिया आडनाव बदलत नाहीत. नवऱ्याचं आडनाव जोडायची आपली सवय इथे चुकीची माहिती देते. लेखात पुढे उल्लेख करताना नुसतं "किम" किंवा "ली" लिहू नका. किम, ली आणि पार्क ही तीनच आडनावं तिथल्या ४० टक्क्यांहून जास्त लोकांची आहेत, त्यामुळे दुसऱ्या परिच्छेदात कोण कोण आहे ते कळेनासं होतं. पूर्ण नाव लिहा. आणि "त्या" हेच सर्वनाम शेवटपर्यंत ठेवा. ज्येष्ठता जिथे इतकी जपली जाते त्या क्षेत्राबद्दल लिहिताना मध्येच "ती" आली की खटकतं.

रोमन स्पेलिंग वाचून देवनागरी करणं धोक्याचं. पार्कमधला र कोरियन उच्चारात नसतो, ली हे खरं तर "ई" आहे, चोई हे "छ्वे"च्या जवळ जातं, आणि जुन जी-ह्युन यांच्या नावाचा उच्चार "जॉन जी-ह्यॉन" असा आहे. पण वाचकाला सवय झालेली रूपं मोडून काढण्यात फायदा नाही. रुळलेलं रूप ठेवा, खरा उच्चार पहिल्या उल्लेखात एकदा द्या आणि लेखभर तेच वापरा.

पडद्यावरचं नाव आणि जन्मनाव यांत फरक असेल तर तोही नोंदवा. जुन जी-ह्युन यांचं जन्माचं आडनाव वांग. चोई जी-वू यांचं जन्मनाव चोई मी-ह्यांग, शिन मिन-आ यांचं यांग मिन-आ, हा जी-वन यांचं जॉन हे-रिम. गायिका आयु यांची काही अभिनयाची कामं ली जी-उन या खऱ्या नावाने नोंदलेली आहेत. एकाच नावाने शोधलंत तर निम्मी यादी हाती लागेल. उलट अडचण नावसारखेपणाची. किम सू-ह्युन या नावाची एक ज्येष्ठ लेखिका आहे, जिच्या मालिकांत युन यो-जंग आणि किम हे-जा यांनी वर्षानुवर्षं कामं केली, आणि १९८८ साली जन्मलेला त्याच नावाचा एक लोकप्रिय नटही आहे. "किम सू-ह्युनबरोबर काम केलं" हे वाक्य तपासल्याशिवाय लिहिलंत तर १९९१ च्या मालिकेत तीन वर्षांचा मुलगा सहकलाकार म्हणून येईल.

वयाचा घोळ याहून मोठा. २८ जून २०२३ पासून कोरियात कायद्याने आंतरराष्ट्रीय पद्धतीचं वय चालतं. त्याआधी जन्मताच एक वर्ष धरायचं आणि दर १ जानेवारीला आणखी एक, ही रीत होती. पार्क उन-बिन यांचा जन्म ४ सप्टेंबर १९९२ चा. त्यांची "एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू" ही मालिका २९ जून २०२२ रोजी सुरू झाली तेव्हा आपल्या हिशोबाने त्या २९ वर्षांच्या होत्या, जुन्या कोरियन हिशोबाने ३१ च्या. दोन्ही आकडे छापील बातम्यांत सापडतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून बातमीतलं वय कधीच उचलू नका. जन्मतारीख घ्या आणि पहिल्या भागाच्या तारखेवरून स्वतः वजाबाकी करा. जुन्या पिढीतल्या कलाकारांच्या बाबतीत जन्मतारीख चांद्र पंचांगाप्रमाणे दिलेली असू शकते, किंवा सरकारदरबारी जन्माची नोंदच उशिरा झालेली असते. एकाच व्यक्तीच्या दोन जन्मतारखा फिरताना दिसल्या तर कारण बहुधा यांतलं एक.

वाहिनीचा रकाना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

केबीएसचं दूरचित्रवाणी प्रसारण १९६१ च्या अखेरीस सुरू झालं, टीबीसी १९६४ मध्ये आली, एमबीसीची दूरचित्रवाणी १९६९ मध्ये. १९८० च्या शेवटी लष्करी राजवटीने माध्यमांचं सक्तीने एकत्रीकरण केलं आणि टीबीसी केबीएसमध्ये विलीन झाली. त्याच डिसेंबरात रंगीत प्रसारण सुरू झालं. तेव्हा १९७० च्या दशकात "टीबीसीची" म्हणून ओळखली जाणारी अभिनेत्री १९८१ पासून केबीएसवर दिसू लागली तर तिने वाहिनी सोडली असं लिहू नका. तिची वाहिनीच उरली नव्हती.

त्या काळी वाहिन्या खुली परीक्षा घेऊन कलाकारांची तुकडी भरती करत. याला कोंगछे म्हणत, आणि अशा टीव्ही कलाकाराला टॅलंट. निवड झालेला कलाकार काही वर्षं त्याच वाहिनीला बांधलेला असे, दुसरीकडे काम करता येत नसे. युन यो-जंग १९६६ मध्ये टीबीसीच्या भरतीतून आल्या. १९७१ ची त्यांची गाजलेली "जांग ही-बिन" ही ऐतिहासिक मालिका एमबीसीवरची. म्हणजे मधे वाहिनी बदलली, आणि त्या काळात हा मोठा निर्णय असे. चोई जी-वू १९९४ च्या एमबीसी भरतीतल्या, पण त्यांना आशियाभर ओळख मिळाली ती २००२ च्या "विंटर सोनाटा"ने, केबीएसवर. नंतर कलाकाराचं काम सांभाळणाऱ्या एजन्सीची पद्धत रुळली आणि कोंगछे मागे पडलं. म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अभिनेत्रीसाठी "कोणत्या वाहिनीची, कोणत्या तुकडीची" हा प्रश्न विचारा. त्यानंतरच्या अभिनेत्रीसाठी "कोणत्या एजन्सीची".

एसबीएसची दूरचित्रवाणी डिसेंबर १९९१ मध्ये आली. टीव्हीएन ही केबल वाहिनी २००६ मध्ये, जेटीबीसी आणि तिच्या बरोबरीच्या तीन वाहिन्या १ डिसेंबर २०११ रोजी, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये. सुरुवातीला केबलवर काम करणं मोठ्या नावांना खालच्या पायरीचं वाटे. किम हे-सू यांच्यासारखी चित्रपटांतली अव्वल अभिनेत्री २०१६ मध्ये टीव्हीएनच्या "सिग्नल"मध्ये आली हे म्हणूनच नोंद घेण्याजोगं. त्यांच्या यादीत २०१३ ची "द क्वीन ऑफ ऑफिस" केबीएसवर, २०१६ ची "सिग्नल" केबलवर आणि २०२२ ची "जुव्हेनाइल जस्टिस" नेटफ्लिक्सवर दिसते, आणि या तीन ओळींतच त्या दशकाचा सगळा प्रवास येतो.

वारांचा रकानाही बोलका असतो. सोम-मंगळ आणि बुध-गुरु या जागा साधारण १६ भागांच्या, तासाभराच्या मालिकांच्या. शनि-रविवारची केबीएसची कौटुंबिक मालिका ५० भागांच्या आसपास जाते. दैनंदिन मालिका अर्ध्या तासाच्या आणि शंभराहून जास्त भागांच्या. शनि-रविच्या कौटुंबिक मालिकेतली आई आणि बुध-गुरुची नायिका ही वेगवेगळी कामं आहेत; दोन्हींना नुसतं "प्रमुख भूमिका" म्हटलं की फरक पुसला जातो.

एक खास ओळ वेगळी हाताळावी लागते. किम हे-जा यांची एमबीसीवरची "कंट्री डायरीज" ऑक्टोबर १९८० ते डिसेंबर २००२ चालली, १०८८ भाग. तारखांप्रमाणे ओळ लावली तर ती १९८० मध्ये बसते आणि पुढची २२ वर्षं दिसेनाशी होते. अशा मालिकेचा पट्टा तक्त्याच्या बाजूला उभा काढा. मग त्याच काळात त्यांनी इतर मालिकांतही कामं केली हे नजरेला येतं, आणि एवढी वर्षं एका गावातली आई रंगवणं म्हणजे काय हेही.

भागांची संख्या फसवी असते

२०१७ च्या सुमाराची मालिका ३२ भागांची दिसली तर थांबा. पारंपरिक वाहिन्यांना (केबीएस, एमबीसी, एसबीएस) कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवायला तेव्हा परवानगी नव्हती. त्यावर उपाय म्हणून तासाभराचा भाग मधोमध कापून पस्तीसएक मिनिटांचे दोन "भाग" एकाच रात्री लागोपाठ दाखवले जात आणि फटीत जाहिराती बसत. १ जुलै २०२१ पासून मध्यंतरातल्या जाहिरातीला मुभा मिळाली आणि ही गरज संपली. जांग ना-रा यांची एसबीएसवरची "द लास्ट एम्प्रेस" ५२ भागांची नोंदलेली आहे. तिला शनि-रविच्या ५० भागांच्या मालिकेशेजारी ठेवून "इतकी लांब" म्हणणं चूक. लांबीचा रकाना आहे तो यासाठीच.

प्रसारणाचं वर्ष आणि चित्रीकरणाचं वर्ष यांतही अंतर पडू शकतं. पूर्वी बहुतेक मालिका प्रसारण चालू असतानाच शूट होत, त्यामुळे दोन्ही वर्षं एकच. पण ली यंग-ए यांची "साइमडांग" आधी पूर्ण चित्रित झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये एसबीएसवर लागली. "त्या २०१७ मध्ये कामावर परतल्या" यापेक्षा "२०१७ मध्ये पडद्यावर परतल्या" हे अचूक.

प्रेक्षकसंख्येचे आकडे

हे आकडे घरांचे असतात, माणसांचे नव्हे. नील्सन कोरिया आणि टीएनएमएस या दोन संस्थांचे आकडे जुळत नाहीत. शिवाय प्रत्येकीचे देशभराचे आणि राजधानी परिसराचे आकडे वेगळे. केबल वाहिन्यांचा आकडा शुल्क भरणाऱ्या घरांपुरता मोजलेला. म्हणजे आकड्याशेजारी तीन गोष्टी हव्यात: संस्था, प्रदेश आणि तो सर्वोच्च भागाचा आहे, शेवटच्या भागाचा आहे की सरासरीचा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण "सँडग्लास" ही मालिका. जानेवारी-फेब्रुवारी १९९५, एसबीएस, २४ भाग, सोमवार ते गुरुवार सलग. सर्वोच्च आकडा ६४.५ टक्के. तो वाचून "देशातल्या दर तीन घरांपैकी दोन घरांनी पाहिली" असं लिहिण्याचा मोह होतो. पण तेव्हा एसबीएस राजधानी परिसरातच दिसायची. बुसान, देगू यांसारख्या शहरांतल्या खासगी वाहिन्या मे १९९५ मध्ये सुरू झाल्या, मालिका संपल्यावर. आकडा खरा, त्याचा प्रदेश लहान.

दुसरं टोक पार्क उन-बिन यांचं. "अटर्नी वू"चा पहिला भाग ०.९४८ टक्क्यांवर होता आणि शेवटचा १७.५३४ वर. ज्या ईएनए वाहिनीचं नावही अनेकांना ठाऊक नव्हतं तिथे दोन महिन्यांत हे घडलं. नुसतं "१७ टक्के" लिहिलं तर २००३-०४ च्या "दे जांग गम"च्या ५७.८ टक्क्यांपुढे तो आकडा केविलवाणा वाटतो. पहिल्या भागाचा आकडा शेजारी ठेवला की खरी गोष्ट कळते. माझ्या मते कुठल्याही मालिकेसाठी पहिला आणि शेवटचा असे दोन आकडे द्यावेत. सर्वोच्च आकड्याने प्रसिद्धी कळते, या दोघांनी प्रवास कळतो. तुलना करायचीच तर त्याच काळातली, त्याच प्रकारच्या वाहिनीवरची करा: २०२० मध्ये जेटीबीसीवर किम ही-ए यांच्या "द वर्ल्ड ऑफ द मॅरिड"चा शेवटचा भाग २८.३७१ टक्क्यांवर गेला होता, तो योग्य शेजारी. सोंग हे-क्यो यांच्या "द ग्लोरी"सारख्या फक्त नेटफ्लिक्सवरच्या मालिकेला असा आकडाच नसतो. तिथे रकान्यात रेघ मारा. पाहिलेल्या तासांचं टक्क्यांत रूपांतर करत बसू नका.

पुरस्कार

कोरियात केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या तीन मोठ्या वाहिन्या डिसेंबरच्या अखेरीस आपापला सोहळा करतात आणि फक्त स्वतःच्याच मालिकांना बक्षिसं देतात. सर्वोच्च ते देसांग, त्याखाली छ्वेउसूसांग, त्याखाली उसूसांग. मराठीत या तिन्हींचं "सर्वोत्कृष्ट अभिनेत्री" होऊन जातं, आणि तिसऱ्या पायरीचं बक्षीस पहिल्या पायरीवर चढतं. मूळ नाव लिहून पायरी सांगा. देसांग कधीकधी विभागूनही देतात: २०१५ चं केबीएसचं देसांग गो दू-शिम आणि नट किम सू-ह्युन या दोघांना मिळालं. वाहिनीनिहाय सोहळ्यांमुळे एकाच वर्षी दोन देसांगही शक्य असतात. गो दू-शिम यांना २००४ मध्ये केबीएस आणि एमबीसी दोन्हींकडे मिळालं.

बेकसांग पुरस्कार यांहून वेगळे. ते १९६५ पासून आहेत, एकाच वाहिनीच्या मालिकांपुरते नाहीत, केबल आणि नेटफ्लिक्सची कामंही त्यांत बसतात. ते वर्षाच्या पूर्वार्धात होतात, म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यातल्या "अटर्नी वू"साठी पार्क उन-बिन यांना देसांग मिळालं ते २०२३ मध्ये. तक्त्यात कामाचं वर्ष आणि पुरस्काराचं वर्ष वेगळं लिहा. ब्लू ड्रॅगन आणि ग्रँड बेल हे मूळचे चित्रपटांचे पुरस्कार, टीव्हीच्या ओळीत नकोत. ठळक अपवाद ब्लू ड्रॅगनचा मालिकांसाठीचा स्वतंत्र सोहळा, जो २०२२ पासून ओटीटीच्या कामांसाठी होतो.

रिकाम्या जागा आणि खासगी आयुष्य

तक्ता पूर्ण झाला की ओळींमधल्या मोकळ्या वर्षांवर खूण करा. लग्न, मुलं, परदेशातलं वास्तव्य, चित्रपट, रंगभूमी, वाद: कारण यांतलं कोणतं ते शोधा. युन यो-जंग लग्नानंतर अमेरिकेत गेल्या, १९८० च्या दशकाच्या मध्यात परतल्या, १९८७ मध्ये घटस्फोट झाला, आणि मग मिळेल ती दुय्यम भूमिका घेत त्यांनी पुन्हा उभारणी केली. २०२१ चं ऑस्कर त्यानंतर तीन दशकांहून जास्त काळाने आलं. ती मधली वर्षं एका ओळीत उरकली तर ऑस्कर आकाशातून पडल्यासारखं वाटतं.

खासगी गोष्टींबाबत नियम कडक ठेवा. व्यक्तीने स्वतः किंवा एजन्सीने जाहीर केलेलं, किंवा न्यायालयात निकाल लागलेलं, एवढंच घ्या. आरोपाची बातमी घेतली तर निकालापर्यंत पाठपुरावा करा. आरोप पहिल्या पानावर आणि निर्दोष सुटका कोपऱ्यात, हे तिथेही होतं. कोरियन फौजदारी कायद्यात खरी गोष्ट सांगूनही बदनामीचा गुन्हा होऊ शकतो, जर ती केवळ सार्वजनिक हितासाठी सांगितलेली नसेल. आणि तिथल्या अभिनेत्रींनी ऑनलाइन छळाची किती मोठी किंमत मोजली आहे हे लक्षात ठेवून लिहा. मनोरंजनाच्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया दाउम आणि नेव्हर या मोठ्या कोरियन संकेतस्थळांनी अनुक्रमे ऑक्टोबर २०१९ आणि मार्च २०२० मध्ये बंद केल्या, त्या उगाच नाही.

१९६० आणि ७० च्या दशकांतल्या बहुतेक मालिकांच्या टेप जपलेल्या नाहीत, त्यांवर पुन्हा चित्रण केलं जाई. त्या काळासाठी नेव्हरचं जुन्या वर्तमानपत्रांचं संग्रहालय उपयोगी, तिथे १९९९ पर्यंतचे अंक शोधता येतात. रोजच्या टीव्ही कार्यक्रमपत्रिकेतून मालिकेची सुरुवात आणि शेवट दोन्ही सापडतात. वाचकांनीच भरलेल्या विश्वकोशातून धागा घ्या, तारीख नको.

तक्त्यावरून परिच्छेद

गो ह्यॉन-जंग यांच्यावर सहसा असं लिहिलं जातं: "लग्नामुळे अभिनय सोडलेल्या या गुणी अभिनेत्रीने दमदार पुनरागमन करत अनेक पुरस्कार पटकावले." आता तक्ता समोर ठेवून:

"१९८९ च्या मिस कोरिया स्पर्धेत उपविजेत्या ठरलेल्या गो ह्यॉन-जंग १९९५ मध्ये 'सँडग्लास'ने शिखरावर होत्या, आणि त्याच वर्षी लग्न करून त्यांनी काम थांबवलं. २००३ मध्ये घटस्फोट झाला. २००५ मध्ये 'स्प्रिंग डे'मधून त्या दहा वर्षांनी पडद्यावर आल्या, पुन्हा एसबीएसवरच. २००९ मध्ये एमबीसीच्या 'क्वीन सनडक'मध्ये शीर्षक भूमिका ली यो-वन यांची होती. गो ह्यॉन-जंग प्रतिस्पर्धी मीशिल होत्या, आणि ६२ भागांच्या मालिकेत मीशिल ५० व्या भागात मरते. तरी वर्षअखेरचं देसांग त्यांना मिळालं. पुढच्याच वर्षी 'देमुल'साठी एसबीएसचं देसांगही."

या परिच्छेदात स्तुतीचं एकही विशेषण नाही आणि बहुतेक तुकडे एकेका रकान्यातून आले आहेत. शीर्षक भूमिका कोणाची, हे श्रेयनामावलीच्या रकान्यामुळे कळलं. दहा वर्षांची पोकळी तारखांमुळे. लागोपाठ दोन वर्षं दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांकडून सर्वोच्च पुरस्कार मिळाले, हे वाहिनी आणि पुरस्कार हे दोन रकाने शेजारी ठेवल्यामुळे.

छापण्याआधी एक फेरी आणखी. एकाच मालिकेची दोन इंग्रजी नावं असतात. "दे जांग गम" आणि "ज्वेल इन द पॅलेस" ही एकच मालिका आहे, तेव्हा तक्त्यात एकाच तारखेच्या दोन ओळी आल्यात का पाहा. पाहुण्या कलाकाराची उपस्थिती प्रमुख भूमिकांच्या यादीत घुसली असेल तर खाली हलवा. नुसतीच घोषणा झालेली मालिका यादीत नको, कारण चित्रीकरण सुरू होईपर्यंत कलाकार बदलतात आणि कधी मालिकाच रद्द होते. पहिला भाग प्रसारित झाला की मगच तिची ओळ जोडा, आणि लेखाखाली माहिती कोणत्या महिन्यापर्यंतची आहे ते लिहा.